कोऱ्या चिठ्ठीचा डबा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दैवशाला योगीराज पौळ, तुला कळवण्यास खेद वाटतो की तुझे सायकलचे दुकान या महिन्याच्या तीस तारखेस कायमचे बंद होत आहे.

हे वाक्य लिहिले आणि थांबलो. मृत व्यक्तीस उद्देशून लिहिणे तर्काला धरून नाही. पस्तीस वर्षे महाविद्यालयात भूगोल शिकवलेल्या माणसाने, ज्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश ठाऊक नाहीत तेथे पत्रव्यवहार करू नये. यापुढे तिचा उल्लेख तृतीय पुरुषी करीन.

वस्तुस्थिती अशी. इमारत भगवानरावांची. खाली रस्त्यालगत तिचे दुकान, वर आमच्या दोन खोल्या — दुकान आणि घर, दोन्ही भाड्याचे. भगवानरावांची सून बबिता शिवणक्लास काढणार आहे. काल ते चहाला आले आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "सर, वरचं द्या न्हाईतर खालचं द्या. आपला हट्ट न्हाई. बाई गेल्या, तुमी एकटे. दोन-दोन जागा काय करायच्यात? पण तीस तारखेला एक कुलूप मोकळं करा."

मी तत्काळ "खालचे" असे सांगितले. भगवानराव म्हणाले, "इचार करा की जरा." विचार करण्याजोगे काही नव्हते.

खाली जाऊन मुंजाजीला कळवले. मुंजाजी एकोणीस वर्षे तिच्याकडे मिस्त्री आहे. वय पन्नासच्या पुढे. तो तारा आवळून चाकाचा आक, म्हणजे वाकडेपणा, काढत होता. मान वर न करता म्हणाला, "बरं." एवढेच!

४ नोव्हेंबर

प्रथमच दुकानाची पद्धतशीर पाहणी केली. ती गेल्यापासून — १९ ऑगस्ट, नांदेडचे रुग्णालय, मेंदूत रक्तस्राव, चौथा दिवस — मी येथे बसतो. पण बसणे आणि पाहणे यांत फरक आहे.

मधल्या फळीवर सहा डबे. ती रुग्णालयात जाण्याच्या दोनच दिवस आधी आलेला माल. प्रत्येकावर तिने ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. सुतकाचे घर म्हणून कोणी मागायला आले नाही. दुकान बंद करण्यापूर्वी हे डबे त्या त्या व्यक्तींना पोचवणे हे माझे कर्तव्य ठरते.

डब्यांवरील छापील मजकूर वाचला. सर्व वस्तू डोंगरावर चालवण्याच्या सायकलींच्या! तेलाच्या दाबावर चालणारे चकतीचे ब्रेक. बोटभर उंच रबरी खड्यांचे टायर. पुढचा शॉकअप. आणि ड्रॉपर नावाचा एक प्रकार — हँडलवरची कळ दाबली की बैठक खाली जाते, पुन्हा दाबली की वर येते. असे सिंहासन पूर्णा तालुक्यात कोणास हवे असावे?

हे तिला मी वारंवार समजावले होते. पूर्णा तालुका सपाट आहे. नदीकाठचा काळ्या मातीचा प्रदेश. सर्वांत उंच वस्तू म्हणजे रेल्वेची पाण्याची टाकी. तेथे डोंगरी सायकलींचे सुटे भाग विकणे म्हणजे राजस्थानात होड्या विकणे! ती ऐकून घेई आणि म्हणे, "तुमचं बरोबरच आसंल." आणि पुन्हा माल मागवी.

६ नोव्हेंबर

पहिला डबा गेला. चिठ्ठी : "हरिओम — मागचं चाक".

हरिओम मेंढपाळाच्या घरचा. चाळिशीचा, भरघोस मिशांचा गृहस्थ. कळप कालव्याकडे असतो आणि हा गेअरच्या सायकलवर त्याच्या मागे. निरोप मिळताच आला. दारात चप्पल काढून आत आला — दुकानात! मी म्हटले, राहू द्या. तो म्हणाला, "बाई असताना काढत न्हवतो. आता काढतो."

मी त्यास विचारले की, येथे डोंगर नसताना डोंगरी टायर कशासाठी?

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "सर, डोंगराला कोन इचारतंय? बाभळी बघा की! कालव्याच्या पांदीनं गेलं की दिवसाला दोन पंक्चर. बाईनी मागल्या साली पुढल्या चाकातली ट्यूबच काढून टाकली, अन् आत हे पांढरं औषध घातलं. काटा घुसतो, औषध बाहेर येतं, छिद्र आपल्या आपण बुजतं. मेंढरं पुढं, मी मागं — फुस्स बंद!"

"आणि चकतीचे ब्रेक?"

"अवो, काळं रान हाय आपलं. साध्या ब्रेकात चिखलाचा गारा बसला की चाकच हलत न्हाई. सायकल खांद्यावर घ्यायची अन् मेंढरागत चालायचं. चकती वर आसती, तिला गारा लागत न्हाई." मग मुंजाजीकडे वळून : "सर कालिजात काय शिकवायचे रं?"

"भूगोल," मुंजाजी म्हणाला.

दोघेही हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते.

काळ्या मृदेचे चिकटपण, ओलावा धरून ठेवण्याची क्षमता, काटेरी वनस्पती — हे सर्व मी पस्तीस वर्षे लिहून दिले. प्रश्न पाच गुणांचा असे. त्याचा सायकलच्या चाकाशी काही संबंध असल्याचे मी कधी लिहून दिले नाही. तिने बारावीनंतर शिक्षण सोडले होते.

पांढरे औषध ओतताना बाटली मी धरली होती. विजारीवर डाग पडला. निघत नाही. त्याचा गुणच तो!

७ नोव्हेंबर

आणखी तीन डबे गेले. घेणारे तिघेही "पौळबाईंनी" असे म्हणून थांबले आणि पुढचे वाक्य पूर्ण न करता गेले.

८ नोव्हेंबर

महत्त्वाचा शोध, आणि चार तारखेच्या नोंदीस दुरुस्ती.

उरलेल्या दोन डब्यांपैकी एकावर "अपेक्षा, रेल्वे" अशी चिठ्ठी आहे. दुसरा ड्रॉपरचा. त्यावरही चिठ्ठी आहे — व्यवस्थित चौकोनी कापलेली, चारही कोपऱ्यांस डिंक — परंतु कोरी!

ती कोणतेही काम अर्धवट सोडत नसे. तेव्हा चिठ्ठी कोरी राहिली नाही, ठेवली. का?

छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझे नाव उच्चारले नाही. लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच. पुढे लिहिलेही नाही. सही करताना "दै. यो. पौळ" अशी करी. दिवाळीस कापडाची यादी करी. भावाचे नाव, भावजयीचे, भाच्यांचे — आणि एका ओळीत नुसते "सदरा, ४२ नंबर". पुढे काही नाही. ती मोकळी जागा म्हणजे मी. घरातील सर्वांस ते ठाऊक होते.

निष्कर्ष उघड आहे.

मला सायकल येत नाही. सायकलच्या दुकानाच्या वर राहणारा आणि सायकल न येणारा पूर्णेतील मी एकमेव नागरिक असावा. तिला ते बोचत असणार. बैठक जमिनीलगत उतरवता आली तर दोन्ही पाय टेकतील, पडण्याचे भय राहणार नाही — तिने माझाच विचार करून हे मागवले!

एकट्यानेच दुकानात थोडा वेळ हसलो. मुंजाजीने पाना खाली ठेवून पाहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

मुंजाजीला चिठ्ठी दाखवली, अर्थ समजावून सांगितला. तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"मग सायकलही असणार," मी म्हटले. "नुसती बैठक कोणी मागवत नाही."

तो दुकानामागच्या खोलीत गेला आणि जुन्या चादरीखाली टांगलेली सायकल घेऊन आला. निळी, जाड टायरची, पूर्ण बांधलेली. फक्त बैठकीचा दांडा काढून घेतलेला होता.

"तिने माझ्यासाठी बांधून घेतली?"

"बाईनी... सोता उभ्या राहून बांधून घेतली, सर."

सायंकाळपर्यंत ड्रॉपर बसवला. कळ दाबली आणि हाताने भार दिला. बैठक निमूटपणे खाली गेली. पुन्हा दाबली, वर आली. मी हे अकरा वेळा केले.

१० नोव्हेंबर

पहाटे सहा वाजता महाविद्यालयाच्या मैदानावर शिक्षणास प्रारंभ. मुंजाजीने मागून धरले. पडलो.

११ नोव्हेंबर

पडलो. आज डावीकडे.

१२ नोव्हेंबर

हेल्मेट घातले. माझा माजी विद्यार्थी, आता तेथेच प्राध्यापक, फेरी मारण्यास आला होता. त्याने नमस्कार केला आणि अत्यंत आदराने दुसरीकडे पाहिले.

सायकल मला आखूड वाटते. गुडघे हँडलास लागतात. मुंजाजीला म्हटले, तिने माप चुकवले की काय? तो म्हणाला, "असू द्या सर. चालवा तुमी."

१४ नोव्हेंबर

वीस पावले! कोणीही धरलेले नसताना.

घरी येऊन तिच्या तसबिरीसमोर उभा राहिलो. हेल्मेट काढले नव्हते.

१६ नोव्हेंबर, रविवार

हा मजकूर क्रमाने लिहिला पाहिजे.

आज सकाळी चाळीस पावले सरळ गेलो. वळताना समोर सायकलवरून अपेक्षा आली. ही जवळच्या चुडावा गावची मुलगी. पूर्णा स्थानकात रुळांच्या देखभालीवर नोकरीला आहे. रविवारी सुट्टी, म्हणून तिला आपला डबा घेण्यास बोलावले होते. दुकान बंद दिसले; मुंजाजी मैदानावर असल्याचे कळून तेथे आली.

लांबूनच ओरडली, "अगं बाई, शीट बसलं! काकू किती वाट बघायल्या होत्या ह्याची!"

मग जवळ आली. मला पाहिले. हेल्मेट पाहिले. मुंजाजीकडे पाहिले. मुंजाजी मैदानाच्या कडेच्या लिंबाकडे पाहत होता.

"काकू कोणासाठी वाट पाहत होत्या?" मी विचारले.

"सर... ही सायकल काकूची हाय ना?"

मी खाली उतरलो. उतरणे मला अजून शिकवलेले नव्हते, तरी उतरलो.

तिच्याकडून कळलेले असे. दर रविवारी आठ जणी सायकलवर जातात — कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, एक परिचारिका. दोन वर्षांपासून नववी दैवशाला. मी तिला म्हटले, हे शक्य नाही. ती म्हणाली, "काकूचे गुडघे दुखायचे. कालव्याच्या भरावावर चढाला शीट उंच लागायचं, उताराला भ्या वाटायचं. म्हणल्या, खाली बसतं तसलं शीट मागवते, मग जिंतूरच्या डोंगरात येते तुमच्यासंगं. तेवीस नोव्हेंबर ही तारीख काकूनीच धरली होती."

दुकानात येऊन तिचा डबा तिला दिला. आत नवे ब्रेक पॅड होते. ती "येते, सर" म्हणाली आणि बराच वेळ गेली नाही.

१७ नोव्हेंबर

दुकान उघडले नाही.

१८ नोव्हेंबर

मुंजाजी वर आला. उंबऱ्यातच उभा राहिला. मी विचारले आणि त्याने उत्तरे दिली. उत्तरे शब्दशः नोंदवतो.

"चिठ्ठी कोरी का?"

"बाई म्हणल्या, ह्याच्यावर नाव नको, मुंजाजी. सर खाली आले अन् वाचलं तर?"

"पहाटे ती देवळात जात असे."

"देवळातच जायच्या, सर. खोटं न्हवत्या बोलत. कालव्याच्या रस्त्यानं चुडाव्याकडच्या देवळात. सायकलवर."

मी एकदा तिला म्हटले होते : देवी फार वेळ घेते तुझा! ती म्हणाली होती, "देऊळ लांब हाय न्हवं." चहास उशीर झाल्याची नोंद माझ्या जुन्या रोजनिशीत तीन ठिकाणी आहे. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय असे, याची एकाही ठिकाणी नाही.

"तू मला हे आठवड्यापूर्वी का सांगितले नाहीस?"

तो पायाने उंबरा घासत राहिला. "तुमी 'माझ्यासाठी हाय' म्हणलात, तवा... सर, तीन महिन्यांत पहिल्यांदा तुमी दात दाखवले. माझी जीभच उचलली न्हाई."

माझ्या दातांचा उल्लेख अनावश्यक होता. तथापि खोडत नाही.

तो गेल्यावर एक प्रसंग आठवला. आठवला असे लिहिणे बरोबर नाही. तो विसरलो नव्हतो. इ. स. १९९२. एक विद्यार्थी अंगणात सायकल लावून माझ्याकडे टिपणे घेत होता. दैवशाला माहेरची मानवतची, शाळेत सायकलनेच जायची. पदर खोचून तिने त्या सायकलवर गल्लीतून एक फेरी मारली. हसत परतली. मी विद्यार्थ्यादेखत एकच वाक्य बोललो : "प्राध्यापकाच्या पत्नीस हे शोभत नाही." तिने सायकल भिंतीस लावली आणि चहा ठेवला.

ते वाक्य मला दुसऱ्यांदा बोलावे लागले नाही, याचा मला त्या काळी अभिमान वाटे. पुढे तिने दुकान काढू का विचारले, तेव्हा मी उदारपणे परवानगी दिली. सायकली विकण्यास हरकत नव्हती, बसण्यास होती.

आणि मी त्या कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःचे नाव वाचले!

२० नोव्हेंबर

अपेक्षा ड्यूटीवरून परस्पर आली. अंगात नारिंगी जाकीट तसेच. "सर, रविवारी काकूची सायकल नेऊ का? मी चालवीन. माझं अन् काकूचं माप एकच हाय."

मी म्हटले, ती सायकल विक्रीसाठी नाही.

"विकत कुठं मागायले? फिरवून आणते. डोंगर दाखवून."

सायकलला डोंगर दाखवण्याच्या कल्पनेत शास्त्रीय आधार नाही, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "बरं. मग तुमी बी चला, आधार द्यायला."

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो.

टेम्पोत आठ सायकली, मी चालकाशेजारी, बाया मागे गाणी म्हणत. परभणीच्या पुढे कोणीतरी ओरडले, "सरांना इचारा, डोंगर कुठं सुरू होतोय!" मी खिडकीतून उत्तर दिले की, नकाशातील समोच्चरेषा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या इतक्या हसल्या की टेम्पोवाल्याने वेग कमी केला.

जिंतूरच्या बाजूस टेकड्या आहेत. डोंगर म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मुरूम, सुटे दगड, मधोमध ओहोळ. मला पायथ्याशी पाण्याच्या बाटल्यांपाशी बसवले. "पडलेल्या मोजा, सर!"

त्या दीड तास वर दिसेनाशा झाल्या. मग उतरू लागल्या. उताराच्या तोंडाशी अपेक्षाने कळ दाबली. बैठक खाली गेली, ती मागे सरकून जवळजवळ चाकावर झुकली आणि निळी सायकल दगडांवरून नुसती वाहत आली. ड्रॉपर कशासाठी असतो ते तेव्हा समजले. पाय टेकण्यासाठी नव्हे. मधून बैठक बाजूला झाली की अंग मोकळे होते, आणि मग उतारास भ्यावे लागत नाही.

ती थांबल्यावर मी विचारले, "अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या स्त्रीस हे कितपत जमले असते? बहुधा तुम्ही तिला सांभाळून घेतले असते."

अपेक्षा पाणी पीत होती. तोंड पुसून म्हणाली, "काकूला? सर, काकू आमच्या पुढं असायच्या. शीट खाली जात न्हवतं तरी पुढं. भ्या वाटतंय म्हणायच्या, अन् ब्रेकच मारायच्या न्हाईत! आमी मागून ओरडायचो — काकू, हळू!"

"आणि ती?"

"हसायच्या. लय मोठ्यानं."

तिचे मोठ्याने हसणे मी ऐकलेले नाही. म्हणजे, १९९२ नंतर नाही.

कोणीही पडले नाही. मोजण्याचे काम उरले नाही.

२५ नोव्हेंबर

बबिता टेप घेऊन दुकानाचे माप काढण्यास आली. "काका, चार मशिनी बसतील. पण उजेड कमी हाय हो. सुईत दोरा घालायला बाया रस्त्यावर जायच्या! वर काय छान ऊन येतं तुमच्या."

तिचे निरीक्षण योग्य आहे. वर दक्षिणेची खिडकी आहे. मी त्या खिडकीशी बसून रोज पहाटे दोन तास वाचत असे. तेथून खालचा रस्ता संपूर्ण दिसतो. मी पुस्तकातून मान वर केली असती, तर ती कालव्याकडे वळताना दिसली असती.

२६ नोव्हेंबर

मानवतहून एका गृहस्थांचा दूरध्वनी : पौळबाई आहेत का? मी सांगितले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. मग संकोचाने म्हणाले की, शेतातल्या वाटेला कोणता टायर लावावा, एवढेच विचारायचे होते.

मी म्हटले, "माती काळी आहे की मुरमाड? काळी असेल तर खडे विरळ असलेला घ्या. दाट खड्यांत गारा अडकतो. ट्यूब काढून टाका. आपल्याकडे बाभळी आहेत."

फोन ठेवला. मुंजाजी माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "गारा म्हणलात, सर."

मी त्यास आपल्या कामाकडे लक्ष देण्यास सांगितले.

२८ नोव्हेंबर

तिच्या कपाटाची आवराआवर. साड्यांच्या खाली, तळाशी, एक निळा पंजाबी ड्रेस. उजव्या पायाच्या घोट्याशी साखळीचे काळे डाग. धुऊन धुऊन फिकट झालेले. असा ड्रेस तिच्याकडे होता, हे मला ठाऊक नव्हते. घडी पुन्हा तशीच घातली.

२९ नोव्हेंबर

भगवानरावांनी जिन्यात आठवण केली. "उद्या तीस, सर." होय, म्हटले. मुंजाजी त्यांच्यामागे उभा होता; त्याच्या हातात हत्यारांची रिकामी पेटी होती. त्यास म्हटले, आज काही भरू नकोस.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी मुंजाजी आणि हरिओम यांनी माझी खाट व पुस्तकांची पेटी दुकानामागच्या खोलीत नेऊन लावली. निळी सायकल तेथेच राहील. भगवानराव जिन्याच्या पायथ्याशी ताटकळत होते. म्हणाले, "सर, तुमी तर वरचं कुलूप लावायलाय!" होय, म्हणालो. दोन्ही खोल्या एकदा पाहिल्या. दार लावले. किल्ल्या परत केल्या.